गुंडानं तलाव भरत नाही

ये, अशी जवळ सरकून बस, सुनंदा. चष्मा पुसून घे आणि मग वाच, कारण मी रागात लिहायला बसले की माझी अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. आधी तुला रागावणार आहे, बाकीचं मग. परवा फोनवर तू काय म्हणालीस? "मावशी, आज कतला आणला होता. बर्फातला होता, पण बरा निघाला."

बरा निघाला म्हणे. ढिवराची लेक तू. तुला दात यायच्या आधी तुझ्या मायनं मरळीचा रस्सा बोटानं चाटवलेला आहे. आणि तू भंडाऱ्यात, वैनगंगेच्या काठाला राहून, आंध्राहून थर्माकोलच्या पेटीत झोपून आलेला मासा रांधतेस आणि वर मला त्याचं कौतुक सांगतेस. मी तेव्हा "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला. मग दुपारभर भांडी आपटली. शेवटी माझ्याच लक्षात आलं की तुझ्यावर राग आहे तो चिमूटभर. बाकीचा सगळा राग इथला आहे, या तलावावरचा, आणि त्याला बसायला जागा मिळत नव्हती म्हणून तो तुझ्या कतल्यावर जाऊन बसला.

इकडे ज्येष्ठ लागला. दरवर्षी हे दिवस आले की तलाव मला लहानपणी दिसायचा तसा दिसायला लागतो, म्हणजे आटलेला. भरलेला तलाव काय, सगळ्यांचाच असतो. धानवाले त्याला आपला म्हणतात, गुराखी आपला म्हणतात, साकोलीच्या एसटीतला माणूससुद्धा खिडकीतून बघून घडीभर आपला म्हणतो. आटलेला तलाव तेवढा आम्हा ढिवरांचा. चिखलाला पडलेल्या भेगा, म्हशींच्या खुरांचे वाळून दगड झालेले खळगे, पाय ठेवला की कुरकुरणारे शिंपले. कमळाच्या कुजलेल्या मुळांचा आणि तापलेल्या गाळाचा मिळून एक वास येतो. तुझ्या मायच्या लुगड्याला तोच होता. मला अजून तो वास आला की आधी भूक लागते, आणि भुकेच्या मागून ती, माझी धाकटी वच्छला, आठवते.

पाळीच्या बांधापासून दूर, तलावाच्या पोटात जिथं सगळ्यात खोल आहे, तिथं उन्हाळ्याच्या शेवटी थोडं पाणी उरतं. अंगणाएवढं, फार तर खळ्याएवढं. त्याला आपण मायपाणी म्हणतो. तुला आठवत असेल, तुझ्या पोरीला सांगितलेलं नसेल. वैशाखात शेवटची ओढ झाली, मोठी जाळी पाळीवर वाळत पडली, की मोहल्ल्यातली सगळ्यात वयस्क बाई मायपाण्याच्या काठाला एक बांबू रोवते आणि त्याला करंजाची डहाळी बांधते. डहाळी बांधली की त्या पाण्यात जाळं नाही, गळ नाही, हातसुद्धा नाही. मरळ, मांगूर, शिंगी, आणि नाव ठेवायला कोणाला सवडच मिळाली नाही अशा बोटभर मासोळ्या, सगळ्या तिथं दाटीवाटीनं पावसाची वाट पाहतात. तलाव भरला की त्याच पसरतात. मायपाणी म्हणजे तलावाचं बी. आणि बियाण्याचं धान कोणी कुटून खात नाही.

असं म्हणायला सोपं आहे. पोट भरलेलं असलं की सगळेच बी राखतात.

मी परकरात होते तेव्हाचं एक साल आहे. पाऊस गणपतीच्या आधीच पाठ फिरवून गेला. धान पोटरीत वाळलं, बांध्यांमध्ये नुसता पेंढा उभा. चैत्रापासून आमच्या घरात मोहफुलं आणि पातळ आंबील. त्या साली बांबू आमच्या मायनं रोवला, कारण मोहल्ल्यात सगळ्यात वयस्क असलेली तिची सासू त्याच हिवाळ्यात गेली होती आणि त्या साली तिचं काम सुनेकडं आलं. माय डहाळी बांधत होती आणि आम्ही दोघी बहिणी तिच्या मागे उभ्या होतो, तेवढ्यात गावातला एक कास्तकार पाळ उतरून आला. वाईट माणूस नव्हता. उपाशी होता.

"बाई," तो म्हणाला, "लोकं उपाशी मरून राहिले अन् तुम्ही मासे राखून राहिले. कोणासाठी राखून राहिले?"

माय गाठ आवळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "तुह्या कणगीत बियाण्याचं धान आहे का नाई?"

"आहे."

"थे आण. आज थे शिजवू. उद्या मासे काढू."

त्यानं डोक्याचा पंचा काढून झटकला, पुन्हा बांधला, आणि तो गेला. परत आला नाही.

त्या उन्हाळ्यात वच्छला रोज मायपाण्याच्या काठावर जाऊन बसायची. मरळ हवेचा घोट घ्यायला वर येते, बुडुक असा आवाज होतो आणि पाण्यावर एक गोल उमटतो. ती तो आवाज ऐकत बसायची, गालाला हात लावून. "ताई, थे आपल्याले चिडवून राहिले," म्हणायची. मला हसू यायचं आणि भूकही लागायची, दोन्ही एकदम.

मग पाऊस आला, तलाव भरला, आणि श्रावणात कमळाच्या पानांमधून लाल ढग निघाला. तू पाहिलेला नाहीस, म्हणून सांगते. मरळीची पिल्लं सुरुवातीचे दिवस लाल असतात, कुंकवाचा करंडा पाण्यात सांडावा तशी. सगळी एका घोळक्यात, वरच्या पाण्याला उकळी फुटल्यासारखी हलतात, आणि त्यांच्या खाली त्यांची माय, काळी, लांब, गप्प. पिल्लांसोबतच्या मरळीला ढिवर हात लावत नाही. हे आम्हाला चालायला लागण्याआधीपासून माहीत होतं.

तुझ्या मायनं मरळीला हात लावलाच नाही. तिनं पाणी भरायचा पितळी गुंड, चांगला घागरीएवढा, बुडवला आणि अख्खा लाल ढग उचलून घरी आणला. आणि आणून सोडला कुठं, तर पिण्याच्या पाण्याच्या रांजणात.

संध्याकाळी बाबा कामावरून आले, रांजणात गडवा बुडवला, तोंडाला लावला आणि तसाच खाली आणला. "बाप्पा," म्हणाले, "पाणी हालून राहिलं."

माय धावली. "कोणं केलं हे?"

वच्छला दाराआडून म्हणाली, "घरीच वाढवतो ना मी. घरीच मासे असले तं उन्हाळ्यात भुकेचं कामच नाई."

बाबा इतके हसले की त्यांना बसावं लागलं. माय हसली नाही आणि तिनं मारलंही नाही. पिल्लं परत गुंडात घेतली, गुंड वच्छलाच्या डोक्यावर दिला आणि आम्हाला तलावावर घेऊन गेली. जिथून उचलली होती बरोबर तिथं. मरळ तिथंच होती. एकाच जागी गोल, गोल फिरत होती, मध्येच वर यायची, पुन्हा खाली, पुन्हा तोच फेरा. कमळाचे देठ तिच्या धक्क्यानं हलत होते.

"पाय तिले," माय म्हणाली. "सकाळपासून जेवली नसन."

वच्छलानं गुंड तिरपा केला आणि रडत रडत हळूहळू ओतला. त्यानंतर आयुष्यभर ती बाजारात कोणी पिल्लांच्या दिवसांतली मरळ विकायला बसली की तिच्याशी भांडायची. साकोलीच्या बाजारात तिला त्यामुळं लोक भांडखोर म्हणत. तुलाही तिची लाज वाटायची, मला माहीत आहे. असू दे.

आता तुला विचारते, तुझं शिक्षण कशावर झालं? मच्छीमार सोसायटीच्या कतल्या-रोहूवर नाही झालं. सोसायटी तलाव ठेक्यानं घेते, मोठ्या माशांचं बी टाकते, मोठी जाळी पुरुषांची, मोठा मासा ठेकेदाराचा. बाईच्या वाट्याला हातजाळं आणि कमरेएवढं पाणी. पण त्या पाण्यात जे आपोआप वाढतं, मांगूर, शिंगी, झिंगे, ती चिल्लर मासोळी, ते आमचं. ऊन चढायच्या आत टोपली डोक्यावर घ्यायची आणि दारोदार फिरायचं. धान निघालं की कोणी सूपभर धान द्यायचं, कोणी तूर, कोणी वाटीभर जवसाचं तेल. बौद्ध मोहल्ल्यात पंचशीलाबाईच्या दारात मी टोपली उतरवायची. ती माझ्याहून थोडी लहान, जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणी केली. मुलगा नोकरीला लागला तरी अजून करते. आधी ती चहा ठेवायची, मग भांडायची. "एवढीशी मासोळी अन् एवढं धान? तुह्या मासोळीच्या पोटात सोनं आहे काय व?" मी म्हणायची, "चिरून पाय." असं आमचं किती वर्षं चाललं. वच्छला आणि मी त्या टोपल्यांवर घर चालवलं. तुझं दप्तर, तुझ्या कॉलेजचा बसपास, तुझ्या लग्नाची पहिली साडी, सगळं हातजाळ्यातून निघालेलं आहे. कतला बरा निघाला म्हणतेस तेव्हा हे लक्षात असू दे.

आणि ते पाणीही आता किती उरलं. काठाला सगळीकडं बेशरमाची झाडी माजली आहे, तिच्या नावासारखीच. पूर्वी जिथं कमळं होती, जिथं आम्ही मुलींनी शिंगाडे तोडता तोडता एकमेकींच्या अंगावर फेकले, तिथं आता तिचे जांभळे भोंगे हलतात. येणारे साहेब पाळीवर उभे राहून म्हणतात, काय सुंदर फुलं आहेत. मग फोटो काढतात आणि तलावातून किती माल निघतो ते विचारतात. तलावात काय राहतं, हे आजवर एकानं विचारलेलं नाही.

या वैशाखात डहाळी बांधायची पाळी माझी होती. मोहल्ल्यात सगळ्यात वयस्क आता मीच. सकाळी गेले, बांबू रोवला, करंजाची डहाळी बांधली, मायची गाठ आठवून आठवून आवळली. गुडघे चिखलात रुतले तेव्हा वाटलं, हे एवढं काम माझ्या हातून झालं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवरून पाहते तर माझ्या बांबूला टेकवून डिझेलचा डबा ठेवलेला. शेजारी पंप. मायपाण्यात पाईप.

गणेश तिथंच उभा होता. माझ्या दिराचा मुलगा, मला मोठी माय म्हणतो, आणि आता सोसायटीचा अध्यक्ष आहे. त्याला नाक पुसायला मी शिकवलेलं आहे.

"मोठी माय, तू उन्हात कायले आली?"

"हे काय लावलं गा?"

"पंप. ठेकेदाराचा आहे. तळ उपसून घेतो म्हणते. मरळ-मांगूर राहिले तं आपण टाकलेलं बी खाऊन टाकतेत. पावसात थो नवीन बी देणार आहे, गाडीभर."

"अन् ही डहाळी?"

तो इकडं तिकडं बघत म्हणाला, "डहाळीवर तलाव चालत नाई आता."

ठेकेदार मोटारसायकलवर बसून होता, डोळ्यांना काळा चष्मा. म्हणाला, "आजी, तुमच्या वेळेचं वेगळं होतं."

"माझी वेळ अजून चालू आहे," मी म्हटलं. "तुला घाई झाली असेल."

मग मी जे बोलले ते लिहीत नाही. तुझी पोरगी वाचेल. पण बोलून पंप थांबत नाही, सुनंदा. मी ओरडत होते आणि पंप माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता, आणि पाणी डोळ्यांदेखत खाली जात होतं. ताडपत्रीवर मरळी उड्या मारत होत्या, एकेक हातभर लांब. मांगूर एकमेकांत गुंतलेले. त्यांच्या मध्ये ती बोटभर मासोळी, जिला ठेकेदारही घेणार नव्हता, तिचा चांदीसारखा ढीग उन्हात विझत चालला होता. काहीच न घेता मारणं मी पहिल्यांदा पाहिलं. ढिवर मासा मारतो, खातो, विकतो. वाया कधी घालवत नाही.

आरडाओरडा ऐकून मोहल्ल्यातल्या बाया आल्या. गणेशची बायको मनीषा सगळ्यांत पुढं. तिनं साडी खोचली, चिखलातून सरळ मध्ये गेली, पाईपाचं तोंड पाण्यातून उचललं आणि हवेत धरून उभी राहिली. पंपाला पाणी मिळेना. तो म्हाताऱ्यासारखा खोकायला लागला.

"मनीषा, बाहेर नीघ," गणेश म्हणाला.

"मी कुठं तुह्या घरात बसली? तलावात उभी आहो."

"लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. सांजच्याले कालवण कशाचं करू, सांग. डिझेलचं?"

बाया हसल्या. गणेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ठेकेदार मोटारसायकलवरून उतरला, तेव्हा माझ्या शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. पंचशीलाबाई. हातात विळा, कामावरून तशीच आलेली.

ठेकेदार तिला म्हणाला, "बाई, हे ढिवरांचं भांडण आहे. तू काहून मंधात पडतेस?"

"माह्या ताटातलं आहे," ती म्हणाली.

पंप बंद झाला. गणेशनंच बंद केला, ठेकेदाराकडं न बघता. पण तोवर मायपाण्यात घोट्याएवढंच पाणी राहिलं होतं, आणि तेही चहासारखं तापलेलं. ताडपत्री उचलून ते घेऊन गेले. आम्ही जिंकलो असं बाया म्हणाल्या. मी नाही म्हणाले. कोरड्या तळ्यात उभं राहून जिंकल्याचं मला काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र आहे. मरळ आणि मांगूर गाळात शिरून बसतात. गाळ ओला राहिला तर हवा गिळत गिळत पावसापर्यंत तगतात. गाळ वाळून फाटला तर संपलं. म्हणजे आता सगळं त्या चिखलाच्या ओलेपणावर आहे. पाळीखाली एका कास्तकाराचं उन्हाळी धान आहे, त्याच्या बोअरचं पाणी दिवसभर बांध्यांत चालतं. त्याच्याकडं गेलो. म्हटलं, थोडा वेळ पाईप इकडं वळव. म्हणाला, "लाईट नाई ना, बाई." त्याच्या मागे मोटार घरघरत होती. मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. त्यानं नजर खाली घातली, पण पाईप वळवला नाही.

तेव्हा पंचशीलाबाईनं आपल्या मोहल्ल्यातल्या हातपंपावरून गुंड भरला आणि पाळ चढून आली. तिनं तो मायपाण्यात ओतला, जिथं माझा बांबू आहे तिथं.  दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळ्या. ऊन उतरलं की निघतो, ओळीनं, डोक्यावर गुंड घेऊन. कोणी स्टीलचा, कोणी प्लॅस्टिकचा, मनीषाच्या कडेवर लेकरू असतं म्हणून तिची कळशी. पाळीवर बसलेले लोक हसतात. "तलावाले पाणी पाजून राहिल्या," म्हणतात. गणेश एकदा वाटेत आडवा आला. हळू आवाजात म्हणाला, "मोठी माय, गुंडानं तलाव भरत नाई."

"मले माहीत आहे," मी म्हटलं. "तापात लेकराले पाणी पाजते, तं लेकरू भरत नाई कोणी. ओठ ओले करते."

तो वाटेतून बाजूला झाला. दुसऱ्या दिवशी बांबूजवळ गेले तर करंजाची वाळलेली डहाळी काढून कोणीतरी ताजी बांधली होती. गाठ पुरुषी होती, जाळ्याची. मी मनीषाला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. याच्यानं माझा राग गेला असं समजू नकोस. डहाळी बांधायची अक्कल पंप लावायच्या आधी यायला हवी होती.

काल मी ओतत असताना गाळातून एक बुडबुडा वर आला. बुडुक. नुसती हवा असेल. पाणी पडल्यावर चिखलही तसा आवाज करतो. मी रिकामा गुंड घेऊन तिथंच उभी राहिले, पुन्हा येतो का पाहायला, इतका वेळ की पंचशीलाबाई म्हणाली, "काय व, रात्र इथंच काढतेस काय?"

मी नेते तो गुंड तुझ्या मायचा आहे. तोच, पितळी, भंडाऱ्याचा, बाजूला पोचा पडलेला, ज्यातून तिनं लाल ढग घरी आणला होता. भरला की माझ्या मानेला आता झेपत नाही, म्हणून मी अर्धाच नेते आणि अर्धाच ओतते. उरलेला अर्धा रोज हातपंपावर राहतो.

सुनंदा, पोरीला सुट्ट्या आहेत, तुझी रजाही शिल्लक असेल. साकोलीपर्यंत एसटी आहे, पुढं ऑटो मिळतो. येताना मासे आणू नकोस. जुनी साडी आण, चिखलात उतरायला, आणि पोरीला घेऊन ये. ती गुंडाला हात लावेल एवढी तर झाली असेल. लवकर ये, पावसाच्या आधी. पाऊस आल्यावर कोणीही येतं.